चेहरा जुळत नाही

३ मार्च, सोमवार. सकाळी ९.
नवी वही आणली. रोज लिहायचं. उद्या कुणी विचारलं की या वॉर्डात लोकशाही कुणी वाचवली, तर हाताशी कागद असलेला बरा.

प्रकरण असं. सत्ताधाऱ्यांनी नवा कायदा केला आहे. फोटो ओळखपत्राशिवाय मत नाही. ओळखपत्र नवं हवं, फोटो गेल्या वर्षभरातला हवा, आणि केंद्रावरच्या अधिकाऱ्याला चेहरा फोटोशी जुळत नाही असं वाटलं, तर माणूस सरळ परत. निवडणूक पाच आठवड्यांवर. म्हणे बोगस मतदान थांबवायचं आहे! आमच्या वॉर्डात बोगस मतदान करण्याएवढा उत्साह कुणाला आहे? इथे खरं मत द्यायलाच लोकांना ओढून न्यावं लागतं. डाव उघड आहे. नवं ओळखपत्र नाही कुणाकडे, तर म्हाताऱ्यांकडे आणि भाडेकरूंकडे. आणि ते मत कुणाला देतात? ताईला.

ताई म्हणजे माझी थोरली बहीण. वॉर्डाच्या दवाखान्यात सव्वीस वर्षं नर्स होती. तो दवाखाना पाडून पार्किंग करायचं घाटतंय, म्हणून ती उभी आहे. समोर सिमेंटवाला. त्याचं सिमेंटचं दुकान आहे, पार्किंग कशाचं बांधतात ते सांगायला नको.

माझा फोटो स्टुडिओ आहे. म्हणजे या लढाईचा सेनापती कोण, हे उघड आहे. आपल्या बाजूच्या प्रत्येक माणसाचा ओळखपत्राचा फोटो फुकट काढायचा, असा निर्णय मी घेतला. ताईला फोन करून सांगितलं. ती म्हणाली, फार चांगलं होईल, फक्त साधा फोटो काढ. ताईला कलेतलं कळत नाही, पण मन मोठं आहे.

संकल्प: मोहीम संपेपर्यंत चिडायचं नाही. चहात साखर बंद.

५ मार्च, बुधवार. दुपारी २.
नमुन्यादाखल स्वतःचाच अर्ज घेऊन ओळखपत्र कार्यालयात गेलो. तिसरा मजला. लिफ्ट बंद. गुडघेदुखीवाल्या मतदारांना मुद्दाम वर चढवतात. खिडकी साडेदहाला उघडते असं लिहिलंय, उघडली अकरा दहाला. माझा नंबर आला तेव्हा कारकून म्हणाला, शाई निळी चालत नाही, काळी हवी. काळ्या शाईने भरून परत आलो तर जेवणाची सुट्टी. जेवून आला तर म्हणाला, फोटो कुठे आहे?

फोटो विसरलो होतो. कोण विसरणार नाही, एवढा छळ केल्यावर?

चिडलो नाही. खाली रस्त्यावर आल्यावर जे बोललो ते रस्त्याला उद्देशून होतं. त्यानंतर साखरेचा चहा घेतला, दोन कप. संतापात साखर औषधासारखी असते.

६ मार्च, गुरुवार.
स्वतःचा फोटो स्वतः काढणं जमलं नाही. टायमर लावून पळत जाऊन स्टुलावर बसेपर्यंत फ्लॅश पडतो. सात फोटोंत माझी पाठ आली. बायको म्हणाली, मी बटण दाबते. तिला फ्रेमिंग कळत नाही. शेवटी मान खाली घालून समोरच्या स्टुडिओत गेलो.

समोरच्याचं काम बघवत नाही. तीन मिनिटांत फोटो हातात. डोळ्यांखालच्या पिशव्या, हनुवटीवरचा व्रण, एक कान खाली, सगळं जसंच्या तसं! माणूस दिसतो तसाच फोटोत आला तर त्यात फोटोग्राफरने केलं काय? आरसा आहेच की घरी. पण अर्जाला डकवला. सेनापतीने त्याग करायचा असतो.

९ मार्च, रविवार. संध्याकाळ.
मोहिमेचा पहिला दिवस. चौदा माणसं आली! पहिले निवृत्त पोस्टमन. नाक एकदा सायकलवरून पडून मोडलेलं, गालावर वाटाण्याएवढा मस, कपाळावर आठ्यांचं जाळं. मी चाळीस मिनिटं कॉम्प्युटरवर बसलो. नाक सरळ केलं, मस काढला, आठ्या पुसल्या, डोळ्यांत जरा चमक टाकली. फोटो बघून पोस्टमन म्हणाले, हा तर माझा धाकटा भाऊ दिसतोय. भाऊ देखणा आहे म्हणे. भरून आलं. लोक पैसे मोजतात, पण अशी दाद कुठे मिळते!

प्रत्येकाला आठ-आठ प्रती दिल्या. बाकीच्याही कार्डांवर लावा म्हटलं. सरकारी कागदावर गरिबाने नेहमी गुन्हेगारासारखंच का दिसावं?

१२ मार्च, बुधवार.
दुकानासमोर रांग. माणशी चाळीस मिनिटं परवडत नाहीत. म्हणून एक बटणच बनवून टाकलं. एकदा दाबलं की मस, डाग, सुरकुत्या गायब, नाक सरळ, रंग एकसारखा, जबडा आटोपशीर. बटणाचं नाव ठेवलं ‘सोज्वळ’. माणशी चार सेकंद. तंत्रज्ञान योग्य हातात पडलं तर काय करू शकतं!

बायको चहा घेऊन आली, पडद्याकडे बघून म्हणाली, बेकरीवालीचा छान आलाय. म्हटलं, ही बेकरीवाली नाही, शिवणकामवाल्या बाई. ती म्हणाली, मग बेकरीवाली कुठली? दाखवली. ती बराच वेळ एकीकडून दुसरीकडे बघत राहिली. तिचा चष्म्याचा नंबर वाढलाय. डॉक्टरांकडे न्यायला हवं, निवडणूक झाल्यावर.

१५ मार्च, शनिवार.
आता दारातच चौकशी करतो. फुकट सेवा आपल्याच माणसांना. सिमेंटवाल्याच्या लोकांना मी का म्हणून दारूगोळा पुरवायचा? लाँड्रीवाला आला. मत कुणाला, विचारलं. म्हणाला, मत गुप्त असतं. गुप्त म्हणजे काय ते मला कळतं! सरळ समोरच्या स्टुडिओत पाठवला. आज असे नऊ पाठवले. जाऊ देत, येऊ देत त्यांचे एक-एक मस आणि चट्टे कार्डावर. पाच वर्षं खिशात घेऊन फिरतील.

आपले आजवर अठ्ठेचाळीस.

१९ मार्च, बुधवार.
आईचा फोटो काढला. वय अठ्ठ्याहत्तर. लेकीला मत द्यायचं म्हणून तीन आठवडे आधीच कोणती साडी नेसायची ते ठरवून बसली आहे. आई आहे, म्हणून बटण दोनदा दाबलं.

फोटो हातात घेऊन आई खिडकीपाशी गेली, उजेडात धरला, म्हणाली, बाई चांगली आहे, कुणाची आहे? आयुष्यभर आईने माझ्या कामाचं कौतुक केलं नव्हतं.

तेवढ्यात ताई आली. दारोदार फिरून तिचे पाय सुजलेत. फोटो बघितला, मग गठ्ठाच मागितला आणि सगळे बघितले. चेहरा उतरला. म्हणाली, केंद्रावर चेहरा जुळवून बघणार आहेत, हे फोटो कुणाशी जुळणार? मी हसून म्हटलं, तू इंजेक्शन देताना मी कधी मध्ये बोललो का? ती हसली नाही. म्हणाली, सगळ्यांना परत बोलाव आणि साधे फोटो काढ, तुझ्या पाया पडते. थोरली बहीण असं म्हणाली की नाही म्हणवत नाही. कबूल केलं.

संकल्प: उद्यापासून सगळे फोटो नव्याने. शब्द म्हणजे शब्द.

२१ मार्च, शुक्रवार.
नव्याने काढायचेच होते. पण काल डोकं दुखत होतं. आज विचार केला, लोक एवढे खूश आहेत, त्यांना परत बोलावून काय सांगायचं? तुम्ही मुळात इतके बरे दिसत नाही? असला अपमान मी करणार नाही. खूश मतदार म्हणजे पक्कं मत. शिवाय ताई पहिल्यापासून घाबरट. नर्सना सारखं वाईटच दिसतं, धंद्याचा परिणाम.

म्हणून आज सगळ्यांचे अर्ज एका गठ्ठ्यात घेऊन कार्यालयात गेलो. कारकुनाने एकही फोटो न बघता सगळ्यांवर शिक्के मारले. या कार्यालयातला आजवरचा एकमेव चांगला अनुभव. ताईला कळवलं की काम झालं. कोणतं काम, ते तिने विचारलं नाही.

२८ मार्च, शुक्रवार.
कार्डं आली! सगळी! सिमेंटवाला भाषणात म्हणाला की नव्या कायद्याला तेच घाबरतात, ज्यांचे मतदार खोटे असतात. उचलली जीभ लावली टाळ्याला! पेपरात उत्तर पाठवलं, सातशे शब्दांचं. त्यांनी दोन ओळी छापल्या, नाव न देता. ‘एका स्थानिक फोटोग्राफरच्या मते हे मतदार दडपण्याचं कारस्थान आहे.’ सातशे शब्दांच्या दोन ओळी, हीसुद्धा दडपशाहीच.

अंदाज: ताई किमान दोनशे मतांनी येणार. घोडामैदान जवळच आहे.

६ एप्रिल, रविवार. मतदान.

सकाळी ७.२०. पहिलं मत माझं. अधिकाऱ्याने कार्ड बघितलं, मला बघितलं, एका सेकंदात आत सोडलं. कायदा कागदावरच कडक दिसतोय. उगाच घाबरलो.

८.४०. पोस्टमन परत आले. चेहरा जुळत नाही म्हणून मत नाकारलं. अपवाद असेल.

९.३०. अकरा अपवाद. अधिकारी तरुण आहे, प्रत्येकाची माफी मागतो, पाणी देतो, दुसरं कोणतंही फोटोचं कार्ड आणा म्हणतो. इतका नम्र माणूस विनाकारण नसतो. वरून आदेश आहेत.

१०.१५. लोकांनी घरून दुसरी कार्डं आणली. बसचा पास, वाचनालयाचं कार्ड. त्यांच्यावरही माझाच फोटो. अधिकारी म्हणाला, कार्डं एकमेकांशी तंतोतंत जुळतात, माणसाशी जुळत नाहीत. ऐका भाषा!

११.००. पाऊण तास फाटकाशी उभा राहून पाहणी केली. सिमेंटवाल्याचे लोक सासुरवाडीला जावं तसे आत जातायत आणि बोटाला शाई लावून बाहेर येतायत. लाँड्रीवालासुद्धा! सगळ्यांच्या कार्डांवर समोरच्या स्टुडिओतले फोटो. एकालाही अडवलं नाही. अडवतात ते फक्त आपल्या माणसांना, वेचून. पक्षपाताचा याहून उघड पुरावा काय हवा?

११.५०. आईला परत पाठवलं. मरून रंगाची साडी, वेणी घातलेली, पायऱ्या चढताना ताईच्या नवऱ्याचा हात धरलेला. तिने अधिकाऱ्याला सांगितलं की उमेदवार माझ्या पोटची आहे. तो म्हणाला, आजी, तुम्हाला बघून माझा विश्वास बसतो, पण कार्डावरची बाई पस्तिशीची आहे. आई बाहेरच्या बाकावर बसून राहिली. घरी चल म्हटलं तर म्हणाली, थोड्या वेळाने त्याला दया येईल.

४.००. आई अजून बाकावर. भांडायला आत गेलो. आवाज चढला. मला बाहेर काढलं. काढताना पोलिसाने माझं कार्ड बघून लगेच ओळखलं, हे विशेष.

५.३०. मतदान संपलं. आईला घरी आणलं. घसा बसलाय.

७ एप्रिल, सोमवार. दुपारी १.
ताई तेवीस मतांनी पडली.

तेवीस! परत आलेल्यांची माझ्याकडे पक्की यादी आहे. एकसष्ट. चोरी याहून वेगळी काय असते? बायको काहीतरी म्हणायला लागली होती, मी हात वर करून थांबवलं. ही वेळ घरगुती मतांची नाही. तक्रार करणार. फेरमतदान झालंच पाहिजे.

ताईकडे गेलो होतो. ती दवाखान्याच्या औषधांची यादी करत बसली होती, कुठल्या पेशंटला पुढे कुठे पाठवायचं ते लिहीत होती. महिनाअखेरीला कुलूप लागणार. मला वाईट वाटलं. खूप.

१० एप्रिल, गुरुवार.
तक्रारीचा मसुदा तयार. अकरा पानं. मुद्देसूद. हे एकसष्टच का? सगळे एकाच बाजूचे, सगळ्यांना नाकारण्याचं कारण शब्दशः एकच. योगायोग एकदा होतो, एकसष्ट वेळा होत नाही.

ताईने यादी वाचली आणि एकच प्रश्न विचारला. फोटो कुणी काढले? म्हटलं, तो मुद्दा गौण आहे. ती म्हणाली, तू म्हणाला होतास काम झालं. मी म्हटलं, झालंच होतं. मग ती म्हणाली की कायदा वाईटच आहे, त्यांनी दार अरुंद केलं ते खरंच आहे, पण त्याला कडी घातलीस तू. हरल्यावर माणूस जवळच्यावर राग काढतो, समजून घ्यायला हवं.

सही मात्र केली तिने. दवाखान्यासाठी. तिचं म्हणणं, सुनावणीत सरळ सांग की फोटो टच-अप केलेले आहेत, चूक फोटोग्राफरची, माणसं खरी आहेत, त्यांना प्रत्यक्ष उभं करून खात्री करून घ्या. तेवढ्यावर अजूनही फेरमतदान मिळू शकतं. आईला आणि पोस्टमनना ती सोबत नेणार आहे.

म्हणजे मी होऊन सांगायचं की मी माणसाचं तोंड बिघडवलं? हात दाखवून अवलक्षण! तीस वर्षांचा धंदा आहे. चुकलं म्हणालो की उद्या सगळे समोरच्याकडे. त्यापेक्षा सिद्ध करतो की चेहरे जुळतात. मग दोषी कोण, ते आपोआप ठरेल. ताईला आत्ता सांगत नाही. निकाल लागला की तीच पाठ थोपटेल.

१६ एप्रिल, बुधवार. संध्याकाळ.
उद्या सुनावणी. मुख्य साक्षीदार मी. भाषण पाठ. शर्टाला इस्त्री. बायकोने विचारलं की ताई म्हणते तसंच सांगणार ना. म्हटलं, परिस्थिती बघून.

संकल्प: उद्या चिडायचं नाही. शांत, ठाम, थोडं दुखावलेलं दिसायचं.

१७ एप्रिल, गुरुवार. दुपारी ४.
लिहायचं नव्हतं. पण रोज लिहायचं ठरवलंय.

अधिकारी बाई वयस्कर होत्या. सगळं ऐकून घेतलं, एकदाही मध्ये बोलल्या नाहीत. ताईने तिचं म्हणणं दोन मिनिटांत मांडलं. फोटो बदललेले आहेत, माणसं खरी आहेत, बाकावर बसली आहेत, बघून घ्या. बाईंनी मान हलवली, काहीतरी लिहून घेतलं. मला वाटतं, तेव्हा आम्ही जिंकत होतो.

मग माझी पाळी. मी म्हटलं, फोटोंत काहीही बदल नाही. डोळे असलेला कुणीही माणूस हे चेहरे ओळखेल. न ओळखणाऱ्याने जाणूनबुजून ओळखले नाहीत. मी तर यातला एक-एक चेहरा झोपेतसुद्धा ओळखेन. ताईने माझा शर्ट मागून ओढला. मी पुढे बोलत राहिलो, आणखी बारा मिनिटं.

बाईंनी पेन खाली ठेवलं. फाईलमधून म्हाताऱ्या बायकांची कार्डं काढली, नावांवर कागदाच्या पट्ट्या लावल्या आणि टेबलावर मांडली. चौदा होती. म्हणाल्या, तुमच्या आईंचं कोणतं ते दाखवा.

मी हसलो. मग बघितलं.

चौदाही जणींचं कपाळ एक. नाक एक. रंग एक. डोळ्यांत तीच चमक, मीच टाकलेली. मी मरून साडी शोधली, पण फोटोच्या दिवशी ती कुठली नेसली होती ते आठवेना. मागे वळून आईकडे बघायला लागलो तर बाई म्हणाल्या, मागे बघू नका, झोपेतसुद्धा ओळखेन म्हणालात ना. आई माझ्या मागे चार हातांवर बसलेली होती आणि मला तिचा चेहरा आठवत नव्हता, सारखा हाच फोटो आठवत होता.

तिसऱ्या कार्डावर बोट ठेवलं. ठामपणे ठेवलं.

बाईंनी पट्टी काढली. शिवणकामवाल्या बाई.

तक्रार फेटाळली. तक्रारदाराच्या मुख्य साक्षीदारालाच मतदारांची ओळख पटत नाही, असं निकालात लिहिलंय. अधिकाऱ्याने कायद्याप्रमाणे काम केलं, निवडणूक कायम. दवाखाना तीस तारखेला बंद.

बसमध्ये ताई खिडकीशी बसली, सगळा रस्ता बाहेर बघत. पोस्टमन स्टॉप यायच्या आधीच उतरून चालत गेले. लाज वाटली. आयुष्यात एवढी कधी वाटली नव्हती. आईच्या शेजारी बसलो, पण तिच्याकडे बघण्याचा धीर होईना.

आईनेच माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. म्हणाली, एवढ्याशा फोटोत कुणाला काय कळणार, आणि तुझ्या पोटात सकाळपासून काही नसणार, डोळ्यांसमोर अंधारी आली असेल.

सकाळी मी दोनदा नाश्ता केला होता.